खडूची रेघ

धनकवडीच्या अर्ध्या गच्च्यांवरून माझी वायर गेलीय.
आधी मोऱ्यांची टाकी, मग नारळाचं झाड, मग शाळेची भिंत.
बांबूला वेढे देत, कावळ्याच्या घरट्याला वळसा घालत
दोनशे अकरा घरांत मी पोचवलंय
जे काही पोचवायचं ते.

पाच तारखेला पावतीपुस्तक घेऊन दारं वाजवतो.
थोपटेकाकू म्हणाल्या होत्या,
"ते खुनाचं चॅनेल बंद करा हो,
आमची शरयू रात्री दचकून उठते."
मी म्हणालो, "पॅकेजमध्येच येतं ते, काकू.
लक्ष आपणच ठेवायचं असतं."
आणि पैसे मोजले.
सुट्टे नव्हते, दहा रुपये पुढच्या महिन्यावर टाकले.

त्या मंगळवारी
वैजू दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीत, आठपर्यंत.
मी बालाजीनगरला शिडीवर,
कारण रस्ता खोदणाऱ्यांनी पुन्हा वायर तोडलेली.
पक्कड विसरलो म्हणून मधेच घरी आलो.

हॉलमध्ये फरशीवर तनू झोपलेली
आणि तिच्याभोवती पांढऱ्या खडूची रेघ.
डोक्याभोवती, दोन्ही शेंड्यांभोवती,
वर गेलेल्या हाताभोवती, दुमडलेल्या पायाभोवती.
बोटं तेवढी नीट जमली नव्हती.
शेजारी रेवण, माझा टेप गळ्यात घालून,
भूगोलाच्या वहीत लिहीत होता:
वेळ साडेचार. दार आतून बंद.
शेजारच्यांनी काही ऐकलं नाही.

"पप्पा, तिथे पाय नका ठेवू. पुरावा जातो."

नाही ठेवला.
उंबऱ्यातच थांबलो.
टीव्ही चालू, आवाज बंद.
कोट घातलेला माणूस कळवळून काहीतरी सांगत होता
आणि त्याच्या पायाखालून
साबणाची जाहिरात सरकत होती.
तनूचं पोट वर-खाली होत होतं.
सात वेळा मोजलं मी.
मग आत आलो.

लॉक होतं हो. मीच टाकलेलं.
चार आकडे, वैजूलासुद्धा न सांगितलेले.
"कसं उघडलंस?"
"रिमोटवर बघितलं ना. दोन, सात आणि नऊ घासलेत.
तीनच, म्हणजे एक दोनदा असणार."
नऊ वर्षांचा पोरगा.
शाबासकी ओठांपर्यंत आली
आणि तिथंच अवघडून बसली.

ओरडायचं होतं मला.
तोंडातून निघालं ते एवढंच,
"भीती नाही वाटत रे?"

"आधी वाटायची," तो वहीत बघत म्हणाला.
"आता मी कडी तीनदा बघतो.
गॅलरीचं दार, खिडकी, मोरीची जाळी.
मग तनू झोपते, मी नाही झोपत.
कोणीतरी जागं पाहिजे ना
तुम्ही येईपर्यंत."

बालाजीनगरहून फोन येत राहिले,
मॅच लागली होती, लोक चिडले होते.
मी खाली बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसत होतो.
तनू जागी झाली, डोळे चोळत म्हणाली,
"माझं चित्र का पुसताय?"
रेवण काहीच बोलला नाही.
त्यानं टेप गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला,
नीट, मी ठेवतो तसा.

आमच्या घरचं कनेक्शन त्याच रात्री काढलं.
वैजू म्हणाली, आता तो थोपट्यांकडे जाऊन बघेल.
खरं आहे.
तिथली वायरही माझीच.

फरशांच्या सांध्यात खडू अजून थोडा आहे.
खराट्याची काडी घालून बघितली, निघत नाही.

पाच तारखेला काकूंनी मागचे दहा रुपये आठवणीनं दिले.
पावती फाडताना मीच विचारलं,
"शरयू झोपते का आता?"

"झोपते की," त्या म्हणाल्या.
"लाइट लावून."